जे पिंजऱ्यात, ते पोटात

नमस्कार. चिंचिला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला दाट लोकरीचा, कुरतडणारा छोटा प्राणी, पाळणारी मंडळी मला हमखास विचारतात, "हे खेळणं चालेल का?" पाकिटावर 'छोट्या प्राण्यांसाठी सुरक्षित' असं छापलेलं असतं. पण हॅमस्टर, ससा आणि चिंचिला या सगळ्यांना एकत्र बसवणाऱ्या त्या वाक्यावर माझा भरवसा नाही. मी उलट विचारते, हे त्याने कुरतडून गिळलं तर काय होईल? चिंचिलाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दोऱ्याचा गुंता आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. म्हणून पिंजऱ्यातली प्रत्येक वस्तू त्याचं खाद्य आहे, असं धरूनच निवडा. फळी, झोपायचं घरटं, वाटी, सगळं त्यात आलं.

याचे सगळेच्या सगळे वीस दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर वर्षाला पाच-सात सेंटिमीटर. म्हणून लाकूड हवंच. पण इथे एक मोठा गैरसमज आहे. लाकडाने झिजतात ते मुख्यतः पुढचे दात. दाढा झिजतात त्या वाळलेलं गवत तासन् तास रवंथल्यासारखं चावून. हे गवत, बहुधा टिमोथी नावाचं, कमी पडलं की दाढांची मुळं जबड्यात आणि डोळ्यांच्या दिशेने वाढतात, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं. तेव्हा कितीही महागडी खेळणी आणा, उपयोग होत नाही. आधी गवत, मग खेळणी.

आता लाकूड कुठलं? इथे ब्रिटनमध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या परसात सफरचंदाचं झाड आहे. औषध फवारलेलं नसेल तर त्याच्या वाळलेल्या फांद्या उत्तम. पेअर आणि विलोही चालतात. चेरी, प्लम, पीच, जर्दाळू यांच्या फांद्या मात्र नकोत, कारण त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आणि चर्चच्या आवारात दिसणारा, लाल फळांचा, सदाहरित यू वृक्ष तर अतिशय विषारी. कुठली फांदी कशाची हे ओळखता येत नसेल तर ती घरात आणूच नका. पाइनची फळी भट्टीत वाळवलेली आणि रंग-पॉलिश नसलेली असेल तर चालते. ताजं पाइन आणि सीडार नको, त्यांतली तेलं त्रास देतात. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) यांतला गोंदही पोटात जातो. कुंपणासाठी रसायनात मुरवलेलं लाकूडही नकोच.

पिंजऱ्याच्या जाळीच्या तळाबद्दल जरा थांबून बोलते. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकी खाण-अभियंत्याने चिलीतून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, ते कातड्याच्या व्यापारासाठी पैदास करायला. त्या व्यवसायात जाळीचा तळ सोयीचा होता. लेंड्या खाली पडायच्या, झाडलोट वाचायची. ही सोय माणसाची होती, प्राण्याची नव्हती. अँडीजच्या खडकांवर उड्या मारणाऱ्या या प्राण्याच्या नडगीचं हाड लांब आणि नाजूक असतं. पाय जाळीत अडकला आणि त्याने उडी घेतली, की हाड मोडतं. शिवाय तारेवर बसून तळपायांना जखमा होतात. तळ भरीव करा, नाहीतर वर लाकडी फळ्या टाका. चाकही भरीव पृष्ठाचं आणि मोठं, निदान ३८ सेंटिमीटर व्यासाचं हवं. लहान चाकात पाठ वाकते. कापड घालायचं तर फ्लीस, म्हणजे फासे नसलेलं मऊ, लोकरीसारखं कापड. टॉवेलच्या फाशांत बोटं अडकतात.

संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची एक फरशी जरूर ठेवा, बसायला गार लागते. पंचवीस अंशांच्या वर तापमान गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. जुलै २०२२ मध्ये इथे पारा चाळिशीच्या पार गेला होता, हे विसरू नका. तशा दिवसांत नुसती फरशी पुरत नाही, खोलीच गार करावी लागते.

सफाईलाही तोच प्रश्न लावा, कारण ज्याने धुवाल तेही तो चाटणार, कुरतडणार. फिनेल किंवा पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशकं पिंजऱ्यापासून लांब ठेवा. लघवीचा पांढरा खरखरीत थर चढतो, त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पंधराएक मिनिटं ठेवा, थर सुटतो. मग साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

लाकूड साबण शोषून घेतं, म्हणून त्याला साबण नकोच. कडक गरम पाण्यात ब्रशने घासायचं आणि पूर्ण वाळवायचं. घाई असेल तर ओव्हनमध्ये शंभर अंशांवर, पण जवळ उभं राहून. काळी बुरशी दिसली किंवा लघवी आत मुरून वास जाईना, तर ते लाकूड टाकून द्या. फ्लीस धुताना सुगंधी सॉफ्टनर घालू नका, आणि शिवण उसवली असेल तर तो तुकडा परत घालू नका.

ओली फळी मात्र कधीच आत ठेवायची नाही. याची लोकर इतकी दाट आहे की एका मुळातून पन्नास-साठ केस निघतात. ती भिजली की लवकर वाळत नाही आणि त्वचेवर बुरशी धरते. म्हणून फळ्यांचे दोन संच करून ठेवा. एक आत असताना दुसरा निवांत वाळू द्या.