रॅकवरची बारा रोटेटिंग युनिट्स

(दृश्य: कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. पंपाच्या शॉपमधलं असेंब्लीचं टेबल.)

इंडक्शन हीटरवर तापवलेलं बेअरिंग हातमोजे घातलेले दोन हात उचलतात, शाफ्टवर सरकवतात आणि क्षणभर दाबून धरतात. गार होता होता ते शाफ्टला आवळून बसतं. पाठोपाठ दुसरं बेअरिंग. मग हाउसिंग, मागचं कव्हर, पाणी गळू न देणारं ग्लँड पॅकिंग आणि टोकाला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक. तयार झालेल्या या वस्तूला शॉपमध्ये सगळे रोटेटिंग युनिट म्हणतात. पंप बंद पडला, तर केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, पाइपलाइनला तशीच ठेवून हे युनिट मागून ओढून काढता येतं.

ते पुसून रॅकवर ठेवलं जातं. रॅकवर आता अशी बारा युनिट्स आहेत.

(दृश्य: प्लॅनिंगची केबिन. संगणकाचा पडदा.)

एका पंपाला काय काय आणि किती लागतं, ते बीओएममध्ये, म्हणजे बिल ऑफ मटेरियलमध्ये लिहिलेलं असतं. मी प्लॅनिंगला नवीन होते तेव्हा ड्रॉइंगवरची यादी पाहून सगळे पार्ट एका पंपाखाली सरळ ओळीने भरले होते. केसिंग, शाफ्ट, बेअरिंग, बोल्ट, सगळे एकाच पायरीवर. एकही पार्ट सुटला नव्हता, तरीही खरेदी चुकली.

समजा, ४० पंपांची ऑर्डर आली. पंपाला दोन, म्हणून ८० बेअरिंग. स्टोअरमध्ये सुटी २० आहेत, तेव्हा ६० मागवा, असं सॉफ्टवेअर सांगतं. रॅकवरच्या बारा युनिट्समध्ये बसलेली २४ बेअरिंग त्याला दिसतच नाहीत, कारण रोटेटिंग युनिट नावाची वस्तू आपण त्याला कधी सांगितलेलीच नसते.

आता युनिटला स्वतःचा नंबर देऊ. पंपाखाली युनिट, युनिटखाली शाफ्ट आणि बेअरिंग. ४० मधून १२ वजा, राहिली २८ युनिट्स. त्यांना ५६ बेअरिंग, त्यातून २० वजा. मागवायची फक्त ३६. तेवढेच पंप, तेवढाच माल, आणि २४ बेअरिंगचे पैसे अडकायचे वाचले.

१९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी याच हिशेबाची पद्धत बसवली. पंप किती खपतील याचा अंदाज करावा लागतो. बेअरिंग किती लागतील ते पंपावरून मोजता येतं. मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजेच एमआरपी, या फरकावर उभं आहे.

(दृश्य: कपलिंग गार्ड, म्हणजे पंप आणि मोटर जोडणाऱ्या फिरत्या भागावरचं झाकण, बोल्टने आवळला जातोय.)

मग प्रत्येक जोडणीला पायरी द्यायची का? इथे माझं मत ठाम आहे. जी वस्तू रॅकवर थांबते, मोजली जाते, विकली जाते किंवा जॉबवर्कला बाहेर जाते, तिलाच पायरी द्यावी. कारण पायरी वाढली की तिची वर्क ऑर्डर आली, माल इश्यू करणं आलं, तयार झालेला पुन्हा जमा करणं आलं. हा गार्ड पाहा. पत्रा, ब्रॅकेट, चार बोल्ट. टेबलावर जोडला की तसाच पंपावर चढतो, रॅक त्याला माहीतच नाही. अशा जोडणीला फँटम म्हणतात. बीओएममध्ये ती राहते, म्हणजे डिझाइनवाल्यांना गार्ड एकत्र दिसतो. पण सॉफ्टवेअर तिची वर्क ऑर्डर काढत नाही, मागणी थेट पत्र्या-बोल्टांपर्यंत पोचवतं.

एम १२ चा बोल्ट तर गार्डलाही लागतो, केसिंगलाही आणि पायथ्यालाही. म्हणून तो ज्या सगळ्यात खालच्या पायरीवर सापडेल, तिथे पोचेपर्यंत सॉफ्टवेअर थांबतं, सगळीकडची मागणी गोळा करतं आणि मग एकदाच स्टॉक वजा करतं.

(दृश्य: पुन्हा रॅक. स्टोअरमधला फोन वाजतो.)

ऊस पाण्याला आलाय आणि डीलरकडचा एक पंप बंद पडलाय. त्याला अख्खा पंप नको, फक्त रोटेटिंग युनिट हवंय. स्टोअर सांभाळणारे काका रॅकवरून एक उचलतात, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत ठेवतात आणि संगणकावर नोंद करतात.

बाराची अकरा झाली. संध्याकाळी प्लॅनिंग पुन्हा चालवलं, तेव्हा बेअरिंगच्या खरेदीत ३६ च्या जागी ३८ आले होते.