वीरगळावरचा स्वर्ग

महाराष्ट्रातील कितीतरी गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात, वेशीजवळ, पारावर, नाहीतर शेताच्या बांधाला टेकवून ठेवलेला एक उभट कोरीव दगड आढळतो. त्याच्यावर एकावर एक अशा तीन किंवा चार चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत माणसे कोरलेली असतात. हा वीरगळ आहे, म्हणजे लढताना मरण आलेल्या माणसाचे स्मारक आहे. तो खालून वर वाचायचा असतो.

सर्वांत खाली वीर आडवा पडलेला दिसतो. काही दगडांवर त्याच्या शेजारी गाईंची रांग असते, त्यावरून गावाचे गोधन पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला असे समजते. त्याच्या वर प्रत्यक्ष लढाई असते, ढाल-तलवार घेतलेली, कधी घोड्यावर बसलेली माणसे असतात. पुढच्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. सर्वांत वरच्या चौकटीत वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, कारण तो आता शिवलोकात पोहोचला आहे. त्याच्याही वर कलश असतो आणि कलशाच्या दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. मृत्यूनंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाला मध्ययुगीन दख्खनने दिलेले हे उत्तर आहे आणि ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही ते वाचता यावे, अशी त्याची रचना आहे.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथे अशा वीरगळांचा एक विलक्षण समूह आहे. तेथील शिळांवर वल्ही मारत निघालेली जहाजे आणि समुद्रावरचे युद्ध कोरलेले आहे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात जे युद्ध झाले, त्याचेच हे चित्रण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिलेल्या यादवांच्या प्रशस्तीत म्हटले आहे, की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, बरा वाटला. जिंकणाऱ्याच्या कवीने त्या मरणाचे असे वर्णन केले. शिळेवर मात्र लढणाऱ्यांचा प्रवास जहाजांपाशी थांबत नाही, तो वरच्या चौकटींत स्वर्गापर्यंत जातो.

ही कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मृताला उद्देशून म्हटलेले एक सूक्त आहे. रणात लढून ज्यांनी देह टाकला आणि यज्ञात ज्यांनी सहस्रावधी दक्षिणा दिली, अशा दोघांकडेही तू जा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे शूराचे मरण आणि मोठा यज्ञ यांचे फळ एकच मानले गेले. पुढे कर्नाटकातील अनेक वीरगळांच्या लेखांत एक श्लोक पुन्हा पुन्हा येतो. जिंकलास तर लक्ष्मी मिळेल, मेलास तर देवांगना मिळेल, देह तर क्षणात नष्ट होणारा आहे, मग रणात मरणाची चिंता कशाला, असा त्याचा आशय आहे.

याच परंपरेत या आश्वासनावर घेतलेला सर्वांत खोल आक्षेपही सापडतो. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो आणि त्याबद्दल त्याला तीन वर मिळतात. पहिल्या वराने तो वडिलांचा राग शांत व्हावा असे मागतो. दुसऱ्या वराने स्वर्गाला नेणाऱ्या अग्नीची विद्या मागतो आणि यम ती आनंदाने देतो. स्वर्गाचा प्रश्न इथेच सुटला होता. तरीही नचिकेता तिसरा वर मागतो, माणूस मेल्यावर तो असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, तर खरे काय ते सांग. यम त्याला या प्रश्नापासून परावृत्त करू पाहतो, दीर्घायुष्य, हत्ती, घोडे आणि सोने देऊ करतो आणि शेवटी रथांत बसलेल्या, वाद्ये घेतलेल्या, मर्त्यांना न मिळणाऱ्या सुंदर स्त्रिया देऊ करतो. हे सारे उद्यापर्यंतचे आहे, तुझे रथ आणि तुझे नृत्यगीत तुझ्यापाशीच राहू दे, असे उत्तर नचिकेता देतो. वीरगळाच्या मधल्या चौकटीत बक्षीस म्हणून ज्या येतात, त्यांना उपनिषदातल्या एका मुलाने मोह म्हणून नाकारले होते. हा विरोध मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो एकाच परंपरेच्या पोटातला आहे.

महाराष्ट्रात तर हे दोन्ही विचार एकाच काळात शेजारी नांदत होते. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे सन 1290 मध्ये, नेवाशाला गीतेवरील टीका पूर्ण केली, तेव्हा देवगिरीच्या रामदेवरावाचे राज्य होते आणि गावोगावी वीरगळ उभे राहत होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला रणातल्या मरणाने स्वर्ग मिळेल असे सांगितले आहे, तर नवव्या अध्यायात पुण्य संपले की स्वर्गातून परत यावे लागते असेही सांगितले आहे. तिथे ज्ञानेश्वर लिहितात, ‘मग तया पुण्याची पाउटी सरे । सवेंचि इंद्रपणाची उटी उतरे । आणि येऊं लागती माघारें । मृत्युलोका ॥’ त्यांच्या लेखी स्वर्ग ही मुदतीची वस्ती आहे आणि तिला शाश्वत समजणे ही मोठी फसगत आहे. सतराव्या शतकात तुकाराम महाराज याच्याही पुढे गेले. त्यांनी स्वर्गाबरोबर मुक्तीही नाकारली आणि संतांचा संग मिळणार असेल तर पुन्हा जन्म द्या, असे मागितले, ‘तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हासी ॥’

मग वीरगळ उभारणाऱ्यांना शाश्वत काय वाटत होते? माझ्या मते त्याचे उत्तर अप्सरांच्या चौकटीत शोधण्यापेक्षा माथ्यावरच्या चंद्रसूर्यांत शोधावे. हेच चंद्रसूर्य त्या काळच्या दानलेखांवर असतात. दिलेली जमीन चंद्रसूर्य असेपर्यंत चालावी, असे ते वचन असते आणि ते वचन पाळायचे असते मागे राहणाऱ्या माणसांनी. वीर स्वर्गात किती काळ राहील ते त्याच्या पुण्यावर ठरेल, पण गावाने त्याला विसरू नये ही जबाबदारी गावाची आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही, त्यामुळे वीराचे नाव आज कोणालाच सांगता येत नाही. तरीही अनेक ठिकाणी त्या शिळेला शेंदूर लागतो, तेल वाहिले जाते, नारळ फुटतो. नाव गेले तरी पूजा उरली, ही गोष्ट लहान नाही.

या जबाबदारीचा स्पष्ट लेखी पुरावा कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील शिळेवर मिळतो. ही शिळा सन 950 च्या सुमाराची आहे आणि आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट आणि चोळ यांच्या युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या योद्ध्याने आपला स्वामी गंग राजा बूतुग याच्याकडे बक्षीस म्हणून काळी नावाचे कुत्रे मागून घेतले. ते कुत्रे एका मोठ्या रानडुकराशी झुंजले आणि दोन्ही प्राणी मेले. मणलेराने कुत्र्यासाठी शिळा उभारली, तिच्यावर ती झुंज कोरवली आणि पूजेसाठी जमीन दिली. कुत्रे कोणत्या लोकी गेले याची चर्चा करण्यापेक्षा त्याची आठवण कशी चालू राहील, याची व्यवस्था त्याने अधिक काटेकोरपणे केली. लेखातली अट अशी आहे, की त्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या शैव पुजाऱ्याने शिळेची पूजा केल्याशिवाय अन्न घेतले, तर त्या कुत्र्याने केलेली पापे त्याला लागतील.