तापीच्या मुखाशी गाड्या नेणारी बोट

श्रोतेहो, नमस्कार. चांगदेवला पूर्णेला पोटात घेऊन आपली तापी सारंगखेडा, प्रकाशा ओलांडते आणि सुरतेपुढे हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. त्याच हजिऱ्याहून ८ नोव्हेंबर २०२० रोजी भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत माणसं आणि गाड्या नेणारी बोट सुरू झाली. सुरत-उधन्यात आपले किती सोयरे नांदतात! आणि सौराष्ट्राची फेरी करणारे ट्रकवाले तर गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो.

खंभातच्या आखाताला सडकेनं वळसा घातला तर ३७० किलोमीटर, पाण्यावरून ९०. याआधी २०१७ मध्ये घोघा-दहेज अशी सेवा सुरू झाली होती. पण दहेज नर्मदेच्या मुखाशी. तिथे गाळ साचत गेला, बोटीला हवी तेवढी खोली राहीना, आणि ती सेवा थांबली.

हजिऱ्याची बोट ‘व्हॉएज सिम्फनी’. तीन मजले, ५० टनी ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी, अशी तिची क्षमता जाहीर झाली होती. इथे क्रेन लागत नाही. ट्रक उतारावरून स्वतःच आत शिरतो, म्हणून गाड्यांचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा ठेवावा लागतो. एरवी जहाजाच्या पोटात आडव्या भिंती असतात. शिरलेलं पाणी एकाच कप्प्यात अडतं. या मोकळ्या मजल्यावर मात्र ते परातीतल्या पाण्यासारखं एका बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलवतं.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ अशीच उलटली. पुढचं दार उघडंच राहिलं होतं. १९३ माणसं गेली. दार लागलं की नाही, हे कप्तानाला त्याच्या जागेवरून दिसतच नव्हतं! त्यानंतर कप्तानाच्या खोलीत दाराचे दिवे बसवणं नियमानं बंधनकारक झालं. माझ्या मते या साऱ्या रचनेत त्या दिव्यांइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

आता ट्रकवाल्या भावांनो, वजनकाट्याची पावती खरी द्या. कोणता ट्रक कुठे उभा करायचा, हे त्या आकड्यावर ठरतं. खलाशी साखळ्या आवळत असतील तर घाई करू नका. आणि बोट निघाली की केबिनमध्ये झोपून राहू नका, वर प्रवाशांच्या मजल्यावर या.