नवख्याच्या लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स बसवताना

विंडोजवरून नुकत्याच आलेल्या माणसाला व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम, हवं असलं की तो आधी ब्राउझर उघडतो. साइटवर जायचं, फाइल उतरवायची, दोनदा क्लिक करायचं, ही त्याची सवय. तिथेच त्याला थांबवा. उबुंटूवर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दोन ओळी पुरतात, ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने: आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स’. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हे पॅकेज मिळत नाही. तिथे ओरॅकलची, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स बनवणाऱ्या कंपनीची, रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडावी लागते.

गाडं अडतं ते यानंतर. व्हर्च्युअलबॉक्सचे भाग दोन. दिसणारी खिडकी हा एक आणि कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसणारा ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ हा ड्रायव्हर दुसरा. खिडकी सहसा विनातक्रार उघडते, म्हणून नवख्याला वाटतं झालं काम. मग तो आतलं आभासी मशीन सुरू करतो आणि समोर येतं: ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’, शेजारी उणे १९०८ हा आकडा. आता प्रोग्राम काढून पुन्हा टाकत बसू नका. सहसा कारण दोनांपैकी एक असतं.

एक म्हणजे कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बनवताना लागणाऱ्या फायली) नसणं. हा ड्रायव्हर तुमच्या चालू कर्नलसाठी तिथल्या तिथे कंपाइल होतो, डीकेएमएस नावाचं साधन ते काम करतं, आणि त्याला हेडर लागतात. ‘यूनेम -आर’ने कर्नलची आवृत्ती बघा, नेमक्या त्याच आवृत्तीचे हेडर टाका.

दुसरं सिक्युअर बूट. ही संगणक सुरू होतानाची सुरक्षेची सोय. ती चालू असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, ८ ते १६ अक्षरांचा. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे. एकदाच लागतो, कागदावर लिहून ठेवा. संगणक रीस्टार्ट झाला की निळा पडदा येतो आणि १० सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. नवखा घाबरून नेमकं तेच होऊ देतो. कळ दाबायची, ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे ड्रायव्हरची सही ओळखणारी किल्ली), ‘कंटिन्यू’, ‘यस’, पासवर्ड, रीबूट. पडदा हुकलाच तर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ देऊन तो पुन्हा बोलावता येतो. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो आळशीपणा आहे.

व्हीटी-एक्स, म्हणजे इंटेल प्रोसेसरमधली आभासी मशीन चालवण्याची सोय, बंद असल्याची तक्रार आली तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. एएमडीच्या बोर्डांवर तीच सोय बहुधा ‘एसव्हीएम मोड’ नावाने असते. ६.१२ पासूनच्या काही कर्नलांवर मात्र सोय चालू असूनही ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची चूक येते, कारण कर्नलमधल्याच केव्हीएमने (आभासी मशीन चालवणाऱ्या भागाने) ती आधीच ताब्यात घेतलेली असते. इंटेलवर ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ने ती सुटते, रीबूटपर्यंत.

आभासी मशीनला मेमरी निम्म्याहून जास्त देऊ नका. ८ जीबीत पाहुण्या सिस्टिमला ४ पुष्कळ. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली तर २५ जीबी म्हटलं तरी सुरुवातीला थोडीच जागा जाते. पण आतल्या फायली पुसल्या म्हणून ती आपोआप आकसत नाही.

पेन ड्राइव्ह आत दिसायला वापरकर्ता ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात हवा: ‘यूजरमॉड -एजी’, त्यातला जी मोठा, मग लॉगआउट-लॉगिन. यातला ‘ए’ गाळलात तर तो बाकी गटांतून बाहेर फेकला जातो, सुडोमधूनही, आणि मग दुरुस्ती रिकव्हरी मोडमधूनच.