कायदा शिकायला गेलेला चित्रकार

नमस्कार श्रोतेहो.

जपानची आधुनिक चित्रकला दोन वाटांनी चालली, निहोंगा आणि योगा. (आसनांचा योगा नव्हे बरं का!) निहोंगा जपानी वळणाची. खनिजं कुटायची, सरसात कालवायची आणि कागदावर नाहीतर रेशमावर लावायची. पूड जितकी बारीक, तितका रंग फिका. एकाच दगडातून गडद निळाही निघतो आणि आभाळीही. योगा म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची तैलचित्रं. पण निहोंगा जुनी आणि योगा नवी असं समजू नका. या नावांनी वेगळ्या झालेल्या दोन्ही वाटा १८६८ नंतरच्या, मेइजी काळातल्या. पुन्हा सांगतो, दोन्ही नव्याच.

टोकियोचं सरकारी कलाविद्यालय १८८९ साली सुरू झालं, तेव्हा तिथे तैलरंगांना थारा नव्हता. तो मिळाला १८९६ साली, आणि शिकवायला आले कुरोदा सेइकी.

या कुरोदांची गोष्ट मला फार आवडते. १८८४ साली स्वारी पॅरिसला गेली ती कायदा शिकायला. कायदा राहिला बाजूला, गडी चित्रकार होऊन १८९३ साली परतला. सोबत एक मोठं चित्र. आरशासमोर उभी राहून केस सावरणारी विवस्त्र स्त्री. पाठ आपल्याकडे, पुढची बाजू आरशात. १८९५ साली ते क्योतोच्या औद्योगिक प्रदर्शनात लागलं आणि वर्तमानपत्रांनी रान उठवलं. हे काढा म्हणे! कुरोदा हटले नाहीत.

हटले नाहीत, म्हणून पुढचं घडलं. १९०१ साली त्यांनी टोकियोच्या प्रदर्शनात आणखी एक नग्नचित्र मांडलं. या वेळी पोलीसच आले. चित्र उतरवलं नाही. कमरेखालच्या भागावर कापड टांगायला लावलं. वरचा अर्धा भाग कला, खालचा अर्धा गुन्हा! तरी त्या प्रेक्षकांनी चित्राकडे बघितलं तरी. हल्ली लोक चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. अशांना दारातच थांबवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आरशाचं चित्र दुसऱ्या महायुद्धात जळालं. कापडवालं मात्र टोकियोतल्या सेइकादो संग्रहात आहे.

निहोंगावाल्यांनाही बोलणी चुकली नाहीत. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो यांनी रेषा सोडून धूसर रंगांत चित्रं काढली, तर लोकांनी थट्टा केली. हे दोघे १९०३ साली कोलकात्याला ठाकुरांकडे, म्हणजे टागोर घराण्याकडे, आले होते. पण वेळ संपली, ते पुढच्या भाषणात.

नमस्कार.