विदर्भात कोई पाळायचे? तळं मे महिन्यासाठी बांधा

नमस्कार मंडळी.

आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात, कोई हा त्याच माशाचा रंगीत वाण. जपानच्या नीगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात, खाण्यासाठी पाळलेल्या माशांतून निवडत निवडत तो तयार केला. तिथं हिवाळ्यात बर्फ साचतो. म्हणून कोईवरची बरीचशी माहिती थंडीतून मासे कसे काढायचे याभोवतीच फिरते. आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ ओलांडतो. कोईला १८ ते २६ अंशांचं पाणी मानवतं, ३० पर्यंत तो निभावून नेतो, ३२ च्या पुढे हाल सुरू होतात. तेव्हा खोली, जागा, पंप, माशांची संख्या, सगळं मे महिना धरून ठरवा.

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, जागा शोधताना दुपारी दोननंतर सावली येते अशी बाजू घ्या. झाडाच्या बुंध्याजवळ नको, मुळं अस्तर फोडतात आणि पानगळीत पाणी सडतं. खोली किमान साडेचार फूट, आणि तळं जमिनीत खोदलेलं. जमिनीवर बांधलेलं दोन फुटी सिमेंटचं टाकं चारही बाजूंनी तापतं. त्यात कोई ठेवूच नका.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे साधं विटा-सिमेंटचं तळं दोन-तीन वर्षांत तडकतं. त्यापेक्षा खड्डा अर्धा फूट जास्त खोदा, मुरूम टाकून धुमसा, वर बारीक रेती किंवा जुनी पोती-सतरंज्या अंथरा, आणि त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाका. आज आपण १२ फूट लांब, ८ फूट रुंद, साडेचार फूट खोल तळं धरू. कागद किती लागेल? लांबी अधिक दोनदा खोली, अधिक कडेला दाबायला दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट. म्हणजे १२ अधिक ९ अधिक ३, झाले २४ फूट. रुंदीला ८ अधिक ९ अधिक ३, म्हणजे २० फूट. या तळ्यात साधारण १२,००० लिटर पाणी बसतं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मीठ, औषध, सोडा, सगळ्यांचा हिशोब यावरूनच होतो.

तळ्याची कड जमिनीपेक्षा नऊ इंच वर घ्या. हे दिसायला बरं म्हणून सांगत नाही. पहिल्या पावसात अंगणातलं, गोठ्यातलं, वावरातलं पाणी वाहत येतं आणि त्यात फवारणीचा अंश असतो. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही कपाशीवर मारायची औषधं माशांना अतिशय विषारी आहेत, अगदी थोडी मात्राही पुरते. गोचिडांसाठी जनावरांना लावतात ते डेल्टामेथ्रिनही त्याच जातीचं. फवारा पंप, हातमोजे, बादली तळ्याच्या आसपास धुवायची नाही. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल आणि वारा आपल्याकडे असेल, तर तेवढा वेळ तळ्यावर ताडपत्री ओढा. हवा सोडणारा एअर पंप घराच्या आत ठेवा, नाहीतर तो बाहेरची फवारणीची हवा ओढून पाण्यात सोडेल.

(पडद्यावर फिल्टरच्या ड्रमचं चित्र)

फिल्टरवर जरा वेळ देऊ, कारण सगळ्यात जास्त मासे इथल्या चुकीनं मरतात. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू नव्या तळ्यात नसतात, त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या तळ्यात आधी दोन-तीन लहान मासे, दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइटची थेंबाच्या किटने तपासणी, आणि दोन्ही शून्यावर येऊन टिकले की मग बाकीचे. एकाच दिवशी वीस मासे आणून सोडले की तिसऱ्या आठवड्यात मरतुक लागते आणि दोष पाण्याच्या ‘गुणाला’ दिला जातो.

२०० लिटरचे तीन निळे ड्रम घ्या. पहिल्यात ब्रश किंवा जाड फिल्टर मॅट, तिथं गाळ अडतो. पुढच्या दोघांत बाटल्यांची झाकणं आणि वायरिंगच्या नळीचे इंचभर तुकडे, दोन तृतीयांश भरून, खाली एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी चार-पाच फूट चढवलं की तो बराच घटतो. आपल्याला दोन तासांत सगळं पाणी एकदा फिरवायचं आहे, म्हणजे ताशी ६,००० लिटर प्रत्यक्ष पडायला हवं. तेव्हा १०,००० लिटरचा पंप घ्या आणि बादली लावून मोजा. कूलरचा पंप इथं चालत नाही, गाळ आला की तो अडकतो आणि जळतो. ड्रममध्ये जाणारा पाइप दीड इंची असेल तर बाहेर पडणारा तीन इंची हवा, कारण परतीचं पाणी फक्त उतारानं वाहतं. हा पाइप बारीक ठेवला तर ड्रम उतू जातो आणि सकाळपर्यंत अर्धं तळं अंगणात. यासाठीच पंप तळाला न टेकवता फूटभर वर ठेवायचा. कुठं गळती झालीच तरी माशांपुरतं पाणी उरतं. तळाचा गाळ आठवड्यातून एकदा नळी लावून ओढून काढा.

पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा. घरात लहान मूल असेल तर तळ्याला कुंपण किंवा जाळी आधी, मासे नंतर.

लाइन जाते, हे धरूनच चाला. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना जेमतेम सव्वासात. त्यात हिरवं पाणी, म्हणजे शेवाळ, दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तोच खातं. सर्वात वाईट वेळ पहाटे चार ते सूर्योदय. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हाच अर्थ. उन्हाळ्यात दिवसाचं चारा-पाणी सांभाळून रात्री एअर पंप बंद ठेवणं ही नेहमीची चूक आहे. मिनिटाला ४० ते ६० लिटर हवा देणारा पंप रात्रंदिवस चालू हवा, आणि तो इन्व्हर्टरवर हवा. पाण्याचा पंप बंद राहिला तरी चालेल, हवा नाही. फिल्टर पाच-सहा तास बंद पडला असेल तर सुरू करताना ड्रममधलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा. आतले जिवाणू गुदमरून पाणी सडकं झालेलं असतं.

उन्हासाठी तळ्यावर ५० ते ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट, पाण्यापासून सहा-सात फूट वर, चारी बाजू मोकळ्या. खंड्या आणि बगळे यांच्यासाठी खाली वेगळी जाळी. दिवड (पाणसाप) कडेनं शिरते, म्हणून जाळी कडेला दाबून घ्या. बर्फाच्या लाद्या टाकायचं काही जण सुचवतात. हिशोब करा: १२,००० लिटर पाणी एक अंशानं उतरवायला साधारण ११० किलो बर्फ लागतो. त्या पैशात शेडनेट येते.

मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे या तळ्यातून जवळजवळ ९० लिटर. पाणी उडतं, पण क्षार आणि नायट्रेट मागंच राहतात. तेव्हा वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे १,२०० लिटर, काढूनच नवं भरा. बोअरचं पाणी फवाऱ्यातून उडवत भरा, त्यात प्राणवायू कमी असतो. ते उन्हाळ्यात तळ्यापेक्षा थंड असतं, म्हणून बारीक धारेनं सोडा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येत असेल तर १,००० लिटरला १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट आधी विरघळवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या, तुमच्या बोअरमध्ये मीठ आधीच आहे.

पीएच, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्कता, दुपारी पाहा आणि सकाळी पाहा. शेवाळ असेल तर सकाळी ७.५ असलेला पीएच दुपारी ८.५ वर जातो. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, तो ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला शंभरात एकही नसतो, ८.५ ला वीस असतो. किटवर आकडा तोच दिसतो, माशाला मात्र वीसपटीहून जास्त विष. उन्हाळ्यात अमोनिया थोडा दिसला तरी खाणं थांबवा आणि त्याच दिवशी पाणी बदला. पावसाळ्यात उलट: पावसाच्या पाण्यात क्षारता नसते, पीएच एकदम कोसळू शकतो. केएच, म्हणजे हीच क्षारता, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली आला की १,००० लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा. त्यानं केएच १८ च्या आसपास वाढतो. एकदम नको, दोन दिवसांत.

खाण्याचं सोपं आहे. कोईला खरं पोट नसतं, म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. पाणी ३२ च्या वर गेलं की फक्त सकाळी, तेही निम्मं, कारण पचनालाच प्राणवायू लागतो. भात, पोळी, सरकीची ढेप टाकू नका. डिसेंबर-जानेवारीत थंडीत भूक मंदावते, तेव्हा उरलेलं लगेच काढा.

मोठ्या कोईला १,००० लिटर धरा. या तळ्यात दहा, फार तर बारा. लहान असताना तळं रिकामं वाटेल, वाटू द्या.

नवा मासा थेट तळ्यात नको. ५०० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे, वेगळी जाळी, वेगळी बादली. आपल्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या माशांच्या उवा, म्हणजे आर्ग्युलस: चपट्या, गोल, अंगावर सरकणाऱ्या. मासा भिंतीला अंग घासतो, उड्या मारतो. ओल्या कापडात मासा धरून चिमट्यानं काढा. त्या अंडी कडक पृष्ठभागावर घालतात, म्हणून पाण्यात फरशीचे दोन-तीन तुकडे उभे ठेवा आणि दर आठवड्याला काढून उन्हात खडखडीत वाळवा, अंडी मरतात. गावातल्या कृषी केंद्रातलं कीटकनाशक अंदाजानं टाकू नका, उवा आणि मासा मरण्याच्या मात्रेत फार अंतर नसतं. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारा.

मीठ मात्र हाताशी ठेवा. नायट्राइट दिसला तर १,००० लिटरला एक किलो खडा मीठ. पांढरे ठिपके किंवा जखमा असतील तर तीन किलोपर्यंत, तीन दिवसांत विभागून. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी बदलूनच कमी होतं, म्हणून किती टाकलं ते लिहा. फिल्टरमधून काढलेलं गढूळ पाणी संत्र्याला, भाजीला उत्तम. मीठ टाकलेल्या दिवसांतलं नको. आणि ड्रममधली झाकणं धुताना तळ्याचंच पाणी वापरा, नळाचं क्लोरीनचं नको, नाहीतर जिवाणू धुऊन जातात आणि चार आठवड्यांची गणती पुन्हा पहिल्यापासून.

मासे वाढून जास्त झाले तर देऊन टाका, पण भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा नाल्यात सोडू नका. हा मासा तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, आणि सोबत रोग नेतो. त्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांची रोजीरोटी आहे.