लिनक्सवर क्यूजीआयएस टाकताय? कुठलं, कुठून आणि 'विल्मा' का नाही

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी पाणलोटाचा नकाशा दाखवला आणि खाली निम्म्या कमेंट काय? "दादा, लिनक्सवर कुठलं व्हर्जन टाकू?" बरं, नकाशे आज बाजूला, आज ते बनवायचं फुकट सॉफ्टवेअर क्यूजीआयएस कसं टाकायचं ते बघू.

सोपं ते पटकन. नवं व्हर्जन साधारण दर चार महिन्यांनी येतं. वर्षातून एक एलटीआर, म्हणजे लाँग टर्म रिलीज, जास्त काळ टिकणारं व्हर्जन, त्यात पुढे फक्त दुरुस्त्या येत राहतात. पोटापाण्याचं काम असेल तर एलटीआर घ्या. "पण लेटेस्टमध्ये नवीन फीचर आहे ना?" आहे की! पण तुमचं काम ज्या प्लगइनवर, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयीवर चालतं, तो त्यात चालतो का? 2018 मध्ये 3.0 आलं तेव्हा जुने प्लगइन जसेच्या तसे चालेनात, आणि कितीतरी जण 2.18 लाच चिकटून बसले.

उबुंटू या लिनक्सच्या सॉफ्टवेअर सेंटरमधलं चालेल, पण ते शिळं. उबुंटू 22.04 वर 3.22 मिळतं, 24.04 वर 3.34. ताजं एलटीआर हवं तर क्यूजीआयएसची स्वतःची रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचं ऑनलाइन कोठार, जोडा. पत्त्यात 'डेबियन-एलटीआर' पाहिजे, नुसतं 'डेबियन' लिहिलंत तर लेटेस्ट येईल.

आता खरी गोम. रेपॉझिटरीचा पत्ता ज्या सोर्सेस फाइलमध्ये लिहितो, तिच्यात 'सूट्स' अशी ओळ असते, तिथे उबुंटूच्या व्हर्जनचं टोपणनाव, म्हणजे कोडनेम लिहायचं. मिंटवाल्यांनो (मिंट म्हणजे उबुंटूवर बेतलेलं लिनक्स), इकडे लक्ष द्या! मिंट 22 चं नाव विल्मा, पण लिहायचं 'नोबल', म्हणजे उबुंटू 24.04 चं नाव. पॅकेज उबुंटूसाठी बनतात, विल्मा त्यांच्या गावीही नाही. एकाने कमेंट केली, "यांचा सर्व्हरच बंद आहे." अहो, सर्व्हर ठणठणीत आहे, तुम्ही विल्मा लिहिलंय! दुसरे म्हणतात, "मी काहीच लिहिलं नाही, कमांड कॉपी केली." त्या कमांडने सिस्टिमला नाव विचारलं, आणि मिंटने इमानदारीत सांगितलं, विल्मा. ओएस-रिलीज फाइल उघडा, 'उबुंटू कोडनेम'ची ओळ बघा, तेच नाव टाका. मिंट 21 असेल तर 'जॅमी'.

फ्लॅटपॅकमध्ये, म्हणजे सगळं सोबत घेऊन वेगळ्या डब्यात येणाऱ्या पॅकेजमध्ये, ही भानगड नाही, खरंय. पण एखाद्या प्लगइनला पायथनचं जादा पॅकेज लागलं, तर तुम्ही सिस्टिमवर टाकलेलं त्याला दिसत नाही. मग बसा डोकं खाजवत.

आणि टीममध्ये कुणी विंडोजवर असेल तर त्यालाही तेच एलटीआर टाकायला लावा. नव्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडला की वर इशारा येतो. आमच्याकडे एक साहेब तो न वाचता बंद करतात, प्रोजेक्ट सेव्ह करतात आणि मग मला फोन, "लेबलं कुठे गेली रे?"